उपचाराचा यजमान कोण?

मातापित्यांची सेवा हा पुत्रधर्म होय, याविषयी आपल्या समाजात दुमत नाही. श्रावणाची कथा न ऐकलेले मूल आपल्या घरांतून सापडावयाचे नाही. परंतु त्या कथेतील एक गोष्ट सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. श्रावणाच्या अंध मातापित्यांना तीर्थयात्रा करावयाची होती, आणि ती इच्छा त्यांची स्वतःची होती. कावड खांद्यावर येण्यापूर्वीच कोठे जावयाचे ते ठरलेले होते. आज एखाद्या घरी वृद्ध वडिलांना दुर्धर रोग जडल्याचे कळते, तेव्हा मुले कावड तत्काळ खांद्यावर घेतात. इंदूरला न्यावे, मुंबईला न्यावे, शस्त्रक्रिया करावी, अनुष्ठान बसवावे, अशी एकच धावपळ उडते. कावडीत बसलेल्याला कोठे जावयाचे आहे, हे विचारण्याचे मात्र राहून जाते.

आपल्या देवस्थानाशी जुना संबंध असलेल्या एका घरी गेल्या वर्षी हा प्रश्न उभा राहिला आणि मंदिराच्या ओसरीवर त्याची पुष्कळ चर्चा झाली. त्या गृहस्थांच्या अनुमतीने, त्यांचे नाव न घेता, त्याविषयी येथे लिहीत आहे. मी वैद्य नव्हे, शास्त्रीही नव्हे. परंतु पौरोहित्याच्या घरात वाढल्यामुळे या प्रश्नाची एक बाजू मला इतरांपेक्षा जवळून दिसली, ती मांडावी असे वाटते.

रोगाचे नाव मेसोथेलिओमा. नाव अपरिचित आहे, आणि ते अपरिचितच राहिले असते तर बरे झाले असते. आपल्या फुप्फुसांभोवती एक पातळ दुपदरी आवरण असते. त्या आवरणाचा हा कर्करोग. आवरणाच्या दोन पदरांत पाणी साचते, दम लागतो, एका बाजूने छाती दुखते. क्षयाचे पाणी समजून आरंभी कित्येक दिवस जातात. अखेर छातीत नळी घालून आवरणाचा तुकडा काढतात व तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, तेव्हा निदान पक्के होते. क्वचित हाच रोग पोटाच्या आवरणालाही होतो.

याचे मुख्य कारण ॲस्बेस्टॉस. हे एक तंतुमय खनिज आहे. ते जळत नाही आणि कुजत नाही, म्हणून गेल्या शतकात ते बाष्पकांच्या नळ्यांवर गुंडाळले गेले, मोटारींच्या ब्रेकांत घातले गेले, सिमेंटमध्ये मिसळून त्याचे पत्रे काढले गेले. त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू श्वासावाटे आत जातात आणि तेथेच राहतात. रोग प्रकट व्हावयास बहुधा तीस-चाळीस वर्षे लागतात, कधी त्याहूनही अधिक. दक्षिण आफ्रिकेत वॅग्नर नावाच्या डॉक्टरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960 साली अशा 33 रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हा या रोगाचा व त्या खनिजाचा संबंध जगापुढे स्पष्टपणे आला. त्यांतील कित्येकांनी खाणीत काम केलेलेच नव्हते. बालपणी खाणीजवळ राहिले, एवढाच त्यांचा संबंध.

हे दूरदेशीचे प्रकरण म्हणून सोडून देता येत नाही. आपल्याच मध्यप्रदेशात, कटनी जिल्ह्यातील कैमोर येथे, 1934 साली ॲस्बेस्टॉस-सिमेंटचा कारखाना उभा राहिला. मुंबईच्या उपनगरांतही असे कारखाने होते व त्यांत कोकणातील, देशावरील, आपल्या माळव्यातीलही माणसे पोटासाठी गेली. मुंबईतील अशा एका कारखान्याच्या कामगारांची तपासणी 2005 साली प्रसिद्ध झाली, तीत 181 कामगारांपैकी सुमारे पाचांत एकाच्या फुप्फुसांत या धुळीने केलेला बिघाड आढळला. साठाहून अधिक देशांनी या खनिजावर बंदी घातली आहे. आपल्याकडे त्याचे उत्खनन थांबले, परंतु पांढऱ्या ॲस्बेस्टॉसची आयात व त्याचे पत्रे चालू आहेत. (जाता जाता एक सूचना. आपल्यापैकी पुष्कळांच्या न्हाणीघरावर, गोठ्यावर वा गच्चीवर सिमेंटचे पत्रे आहेत. पत्रा अखंड असेल तर घाबरण्याचे कारण नाही. तो करवतीने कापू नये, भोके पाडू नयेत, फुटल्यास कोरडा झाडू नये. पाणी मारून ओला करून उचलावा आणि मुलांना दूर ठेवावे.)

इतका तपशील देण्याचे कारण आहे. रोगाची बातमी पसरली तेव्हा ओसरीवरील एका वयस्क गृहस्थांनी 'पूर्वजन्मीचे काही असेल' असे उद्गार काढले. उद्देश वाईट नव्हता, सांत्वनच करावयाचे होते. परंतु कर्मसिद्धान्त मनुष्याने स्वतःच्या आचरणाकडे पाहण्यासाठी आहे, आजाऱ्याच्या उशाशी उभे राहून त्याच्यावर आरोप ठेवण्यासाठी नव्हे. ज्याने विशी-पंचविशीत मुंबईकडील कारखान्यात अकरा वर्षे गोण्या फोडल्या, ज्याला तोंडाला बांधावयास धड फडकेही मिळाले नाही, त्याच्या रोगाचे कारण शोधण्यास पूर्वजन्मापर्यंत जाण्याचे प्रयोजन काय? कारण याच जन्मातले आहे, आणि कर्मही त्याचे एकट्याचे नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. निदान झाले तेव्हा डॉक्टरांनी कागद मुलांच्या हाती दिले. मुलांनी वडिलांना 'छातीत पाणी झाले आहे, काढले की बरे वाटेल' असे सांगितले. ते खोटे नव्हते. पाणी खरोखरच झाले होते. पण महाभारतात द्रोणाचार्यांना सांगितलेले वाक्यही अक्षरशः खोटे नव्हते. अश्वत्थामा नावाचा हत्ती खरोखरच मारला गेला होता. एका पित्याला अर्धे सत्य सांगितले गेले, त्याने शस्त्र खाली ठेवले, आणि सांगणाऱ्या धर्मराजाचा भूमीपासून चार अंगुळे वर चालणारा रथ खाली टेकला. ही कथा आपण युद्धनीतीच्या संदर्भात ऐकतो. घराघरांतून ती रोज घडते, हे मात्र आपल्या ध्यानात येत नाही.

पुढे मुले आमच्या तीर्थरूपांकडे आली. महामृत्युंजयाचा जप बसवावयाचा होता आणि वडिलांनाच यजमान म्हणून पाटावर बसवावे, त्यांना समाधान वाटेल, असा त्यांचा विचार होता. तीर्थरूपांनी विचारले, "संकल्पात कारण काय सांगू?" थोरला मुलगा म्हणाला, "शरीरपीडा म्हणा, गुरुजी. रोगाचे नाव नको."

तीर्थरूप थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "शरीरपीडा म्हणता येईल. शास्त्राची त्याला हरकत नाही. पण ते पाटावर बसून हातावर पाणी सोडणार, आणि आपण ते कशासाठी सोडतो हे तुम्हा तिघांना ठाऊक, मला ठाऊक, केवळ यजमानाला ठाऊक नाही. असे अनुष्ठान मी आजवर सांगितलेले नाही."

संकल्प हा विधी आपण इतक्या वेळा पाहतो की त्याच्या अर्थाकडे लक्ष जात नाही. कोणतेही कर्म करण्यापूर्वी यजमान आपण कोठे आहोत ते उच्चारतो: हे अवंतिका क्षेत्र, हा क्षिप्रेचा तीर. कोणत्या काळी आहोत ते उच्चारतो: संवत्सर, मास, पक्ष, तिथी. मग स्वतःचे गोत्र व नाव सांगतो, आणि अखेर कोणत्या हेतूने हे कर्म करीत आहे ते सांगून पाणी सोडतो. पुरोहित शब्द सांगतो, पण इच्छा पुरोहिताची नसते. पुरोहित कितीही विद्वान असो आणि यजमान कितीही अडाणी असो, संकल्प यजमानाचाच. मीमांसकांनी प्रतिनिधीचा विचार फार बारकाईने केला आहे. यज्ञात व्रीही मिळाले नाहीत तर त्यांच्या जागी नीवार चालतात, एका द्रव्याऐवजी दुसरे चालते. परंतु ज्याचे कर्म आहे त्या स्वामीच्या जागी दुसरा उभा करता येत नाही, असाच त्यांचा सामान्य निर्णय आहे.

मुलांनी यावर योग्य शंका काढली. पुत्राने स्वतः यजमान होऊन पित्याच्या आरोग्यासाठी जप करविता येतो की नाही? अवश्य येतो. तीर्थरूपांनी ते मान्य केले आणि पुढे तसा जप झालाही. परंतु मला वाटते, या शंकेतच उत्तराचे बीज आहे. जप पुत्राच्या नावाने होऊ शकतो, कारण आसनावर पुत्र बसतो, उपवास पुत्र करतो, वाणी पुत्राची झिजते. औषधोपचाराचे तसे नाही. सुई वडिलांच्या शिरेत जाते. ओकाऱ्या त्यांना होतात. बरगड्यांमधून नळी त्यांच्या घातली जाते. ज्या कर्माचे कष्ट एकाच्या शरीराने भोगावयाचे, त्याचा संकल्प दुसऱ्याने परस्पर सोडणे हे धर्माला धरून नाही. वैद्य हा येथे आचार्य आहे, त्याने विधी सांगावा. पुत्र हा परिचारक आहे, त्याने समिधा आणाव्यात. यजमान आजारी मनुष्यच.

देशाचा कायदाही हेच सांगतो, हे मला मागाहून कळले. समीरा कोहली यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली निर्णय दिला. सज्ञान मुलगी गुंगीत असताना तिच्या आईची संमती घेऊन डॉक्टरांनी मोठी शस्त्रक्रिया केली होती. तातडीचा प्राणसंकटाचा प्रसंग नसता अशी संमती पुरेशी नाही, मुलगी शुद्धीवर येण्याची वाट पाहावयास हवी होती, असे न्यायालयाने ठरविले. आईपेक्षा जवळचे कोण असणार? तरीही तिची संमती ही मुलीची संमती ठरली नाही.

आता प्रतिपक्ष मांडणे अगत्याचे आहे, कारण तो पोकळ नाही. वडिलांना सर्व सांगितले तर ते हातपाय गाळतील, चार महिने जगावयाचे ते दोन महिनेच जगतील, ही भीती मुलांच्या मनात खरी असते आणि ती प्रेमातून आलेली असते. सत्य बोलावे पण ते अप्रिय रीतीने बोलू नये, हे आपल्या स्मृतिकारांनीही सांगितले आहे. यावर माझे म्हणणे इतकेच की, अप्रिय सत्य सौम्यपणे सांगणे आणि ते मुळीच न सांगणे या भिन्न गोष्टी आहेत. शिवाय काही माणसांना खरोखरच जाणून घ्यावयाचे नसते. 'तुम्ही ठरवा, मला काही सांगू नका' असे म्हणणारे वडील पुष्कळ आहेत, आणि तो त्यांचा अधिकार आहे. परंतु असे म्हणणे हाही एक संकल्पच. तो त्यांच्या तोंडून आला पाहिजे, आपण गृहीत धरून चालणार नाही. म्हणून पहिला प्रश्न 'सांगावे की न सांगावे' हा नव्हे. 'बाबा, तपासणीचे कागद आले आहेत, तुम्हाला किती जाणून घ्यावयाचे आहे?' हा होय. हा प्रश्न विचारण्यास शास्त्राध्ययन लागत नाही, छाती मात्र लागते.

त्या घरी हे धैर्य थोरल्या सुनेने केले. तिने हा प्रश्न विचारताच सासरे म्हणाले, "माझ्या छातीतून तीनदा पाणी काढले. कारखान्यातील माझे दोन सोबती असेच पाणी होऊन गेले. मला काही समजत नाही असे तुम्हाला वाटले काय? मुले घाबरतील म्हणून मीच बोललो नाही." आठ आठवडे त्या घरात बाप मुलांपासून आणि मुले बापापासून एकच गोष्ट लपवीत होती. एका ताटात जेवून सारेच उपाशी, तसा प्रकार झाला. मेसोथेलिओमाचा काळ मुळातच मोजका, त्यांतले हे आठ आठवडे गेले.

वडिलांनी मग एकच मागणे केले. मुंबईला एकदा नेऊन डॉक्टरांना मला स्वतः विचारू द्या. रात्रीच्या अवंतिका एक्सप्रेसने ते परळला गेले.

येथे उपचारांविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण 'सर्व काही करा' आणि 'आता काही करू नका' या दोन टोकांच्या मध्ये पुष्कळ वाटा आहेत, आणि बहुतेक घरांतील भांडणे त्या वाटा ठाऊक नसल्यामुळे होतात. रोगाचे पेशींवरून प्रकार आहेत. त्यांतील एक तुलनेने मंद चालतो, दुसरा फार वेगाने, तिसरा मिश्र. कोणता आहे हे कळल्याखेरीज चर्चा व्यर्थ. रोग बहुधा समूळ जात नाही, हे आधीच मान्य करून पुढे जावे लागते. पेमेट्रेक्सेड व सिस्प्लाटिन या दोन औषधांच्या जोडीने एकट्या सिस्प्लाटिनपेक्षा आयुष्य वाढते, हे 2003 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसले. मध्यक आयुष्य 9.3 महिन्यांवरून 12.1 महिन्यांवर गेले. शरीराची प्रतिकारशक्ती जागी करणाऱ्या दोन नव्या औषधांच्या जोडीने, 2021 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ते 18.1 महिने आढळले. जुन्या पद्धतीच्या रोग्यांत ते 14.1 होते. परंतु ही औषधे अत्यंत महाग आहेत.

शस्त्रक्रियेविषयी तर आपल्या समजुतीला धक्का बसावा अशी हकीकत आहे. मोठी शस्त्रक्रिया म्हणजे मोठा उपाय, असे आपण मानतो. ब्रिटनमध्ये 335 रोग्यांवर झालेली चाचणी 2024 साली प्रसिद्ध झाली. सर्वच रोगी आरंभी शस्त्रक्रियेस योग्य ठरलेले होते व सर्वांनाच औषधे दिली गेली. निम्म्यांचे आवरण शस्त्रक्रियेने काढले, निम्म्यांचे नाही. ज्यांची शस्त्रक्रिया झाली त्यांचे मध्यक आयुष्य 19.3 महिने भरले, ज्यांची झाली नाही त्यांचे 24.8 महिने. म्हणजे ज्या मुलाने 'पैशाकडे पाहू नका, शस्त्रक्रिया कराच' असा हट्ट धरला असता, त्याने भक्तिभावानेच वडिलांचे दिवस कमी केले असते. एखाद्या रोग्याच्या बाबतीत कुशल शल्यवैद्य वेगळा सल्ला देईलही, पण 'अधिक म्हणजे चांगले' हे सूत्र येथे चालत नाही. यमाने नचिकेत्याला श्रेय व प्रेय यांतील भेद सांगितला तो भोगांच्या संदर्भात. मला वाटते, पुत्राच्या धावपळीतही प्रेय असू शकते. 'आम्ही काही बाकी ठेवले नाही' असे चार लोकांत म्हणता येणे, हे पुत्राचे प्रेय आहे. ते पित्याचे श्रेय असेलच असे नाही.

दुसऱ्या टोकालाही सावधगिरी हवी. वरील महिन्यांचे आकडे ऐकून कित्येक घरी 'आता संपलेच' असे मानतात. मध्यक म्हणजे अंतिम मुदत नव्हे. निम्मे रोगी त्याच्या आधी जातात आणि निम्मे त्याच्या नंतरही असतात, कित्येक पुष्कळ काळ. अमेरिकेतील प्राणिशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना 1982 साली, चाळिसाव्या वर्षी, पोटाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा झाला. ग्रंथालयात जाऊन त्यांनी वाचले तर मध्यक आयुष्य आठ महिने. परंतु आकड्यांचा अर्थ त्यांना कळत होता. आपले वय, रोगाचा टप्पा व मिळणारे उपचार पाहता आपण त्या दुसऱ्या निम्म्यांत असू शकतो, असा त्यांनी विचार केला. ते आणखी वीस वर्षे जगले व 2002 साली दुसऱ्याच कर्करोगाने वारले. सर्वांचे असे होत नाही, आणि होईल असे आश्वासन कोणी देऊ नये. पण गूल्ड यांना आकडा सांगितला गेला नसता तर त्याचा अर्थ लावण्याची संधीही त्यांना मिळाली नसती.

आणि 'हमखास बरे करतो' म्हणणाऱ्यांविषयी. अमेरिकेतीलच स्टीव्ह मॅक्वीन या प्रसिद्ध नटाला हाच रोग झाला. डॉक्टरांनी आशा सोडल्यावर तो मेक्सिकोत जर्दाळूच्या बियांपासून काढलेले औषध व तसलेच अन्य उपचार घेत राहिला आणि नोव्हेंबर 1980 मध्ये, पन्नासाव्या वर्षी, तेथेच वारला. धनाची कमतरता नव्हती, बुद्धीचीही नव्हती. भीती माणसाला कोठेही नेते. आपल्याकडे अशी दुकाने गल्लोगल्ली आहेत, आणि खेदाची गोष्ट अशी की त्यांतील काहींवर देवादिकांच्या तसबिरी टांगलेल्या असतात.

या रोगात ज्या उपायांचा सर्वांत खात्रीने लाभ होतो ते साधे आहेत, म्हणूनच बहुधा त्यांचा आग्रह कोणी धरीत नाही. पाणी वारंवार साचत असेल तर आवरणाच्या दोन पदरांत शंखजिऱ्याची शुद्ध केलेली भुकटी सोडून ते चिकटवितात, किंवा घरच्या घरी पाणी काढता येईल अशी नळी बसवितात. दम कमी होतो, रात्री झोप लागते. वेदनेसाठी मॉर्फिन आहे. अफूचे नाव ऐकून घरचे दचकतात, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते दिले असता त्यात व्यसनाची भीती बाळगण्याचे कारण नाही. 2014 साली कायद्यात दुरुस्ती होऊन ते मिळविण्याची पद्धत सुलभ केली गेली. ही वेदनाशामक चिकित्सा म्हणजे 'आता हात टेकले' असा अर्थ नव्हे. ती पहिल्या दिवसापासून इतर उपचारांच्या बरोबरीने चालावयास हवी.

सर्वांत कठीण प्रश्न पैशाचा, आणि तो आपल्या समाजात सर्वांत कमी बोलला जातो. त्या गृहस्थांनी औषधांचे चार फेरे घेतले, छातीतील पाण्यावर उपाय करून घेतला आणि नव्या महाग औषधांसाठी घर विकण्यास साफ नकार दिला. धाकटा मुलगा रागावला. "बाबा आमच्यासाठी नको म्हणताहेत," असे तो आमच्या ओसरीवर म्हणाला. त्याचे म्हणणे खरे होते. पित्याचा नकार मुलांच्या काळजीतून आलेला असला तर तो मोकळा संकल्प म्हणावा काय?

मी यावर पुष्कळ विचार केला. मुलांनी आपली सांपत्तिक स्थिती वाढवूनही सांगू नये आणि घटवूनही सांगू नये. शासनाच्या आयुष्मान योजनेतून कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार मिळू शकतात, आणि 2024 पासून सत्तरी गाठलेल्यांना उत्पन्नाची अट नाही. हे सर्व आधी पाहून घ्यावे. वडिलांच्या औदार्याचा आडोसा घेऊन खर्च टाळणारे पुत्रही असतात, त्यांच्याविषयी अधिक लिहिण्याची इच्छा नाही. परंतु इतके झाल्यावरही वडील नको म्हणाले तर? ययातीने पुत्राचे तारुण्य मागितले आणि पुरूने ते दिले. पुरूची आपण स्तुती करतो, ती योग्यच आहे. पण ज्या पित्याने ते मागितले त्याला पुढे स्वतःलाच त्याचा वीट आला आणि त्याने ते परत केले, हेही त्याच कथेत आहे. जो पिता प्रथमच 'तुझे तारुण्य मला नको' म्हणतो, त्याला ते बळाने घ्यावयास लावणे ही सेवा नव्हे. आयुष्यभर ज्याने मुलांची काळजी वाहिली, त्याने शेवटच्या आजारात ती वाहू नये असे म्हणणे म्हणजे, आता तू पिता उरला नाहीस, केवळ रोगी आहेस, असे म्हणण्यासारखे आहे. धाकट्याला हे पटले असे मी म्हणत नाही. तो अजूनही मधून मधून रागावतो. मात्र आता तो प्रत्येक तपासणीस वडिलांबरोबर जातो व प्रश्न वडिलांना विचारू देतो.

उपचार थांबविण्यालाही जे पाप समजतात त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, गुण न देणारे औषध सोडणे आणि प्राण सोडणे या भिन्न गोष्टी आहेत. शेवटच्या अवस्थेत कोणते कृत्रिम उपाय नकोत हे आधी लिहून ठेवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली मान्य केला, व 2023 साली त्याची पद्धत सोपी केली. असा लेख करून ठेवण्यात अमंगल काही नाही. आपण मृत्युपत्र करतोच.

नचिकेता हाही एका यज्ञकर्त्याचा मुलगा. पित्याला न रुचणारा प्रश्न त्याने विचारला, म्हणून त्याला यमाच्या दारी जावे लागले. तेथे पहिला वर मागताना त्याने ब्रह्मज्ञान मागितले नाही, ते तिसऱ्या वराला. पहिल्या वराने त्याने मागितले ते, पित्याचे मन शांत असावे, राग जावा, आणि परत आल्यावर त्याने मला ओळखून आनंदाने बोलावे. पित्याला शंभर वर्षे आयुष्य दे, असेही तो मागू शकला असता. आजारी वडिलांजवळ बसणाऱ्या मुलाने काय मागावे, याचा विचार करताना मला हा पहिला वर फार जवळचा वाटतो.

बेल्जियममध्ये कापेल-ओप-देन-बोस नावाचे एक गाव आहे. कैमोरच्या कारखान्याशी पुढे काही काळ संबंध आलेल्या उद्योगसमूहाचा मोठा ॲस्बेस्टॉस कारखाना तेथे होता. तेथील योंकहीर कुटुंबातील पिता, जो कारखान्यात अभियंता होता, या रोगाने गेला. 1999 साली त्याच्या पत्नीलाही तोच रोग झाल्याचे निष्पन्न झाले. ती केवळ कारखान्याजवळ राहत होती. कंपनीने रक्कम देऊ केली, पण खटला करावयाचा नाही अशी अट होती. त्या मातेने ती नाकारली आणि मृत्यूपूर्वी दावा दाखल करण्याचे स्वतः ठरविले. ती 2000 साली वारली. पाच मुलांपैकी दोघे पुढे त्याच रोगाने गेले. उरलेल्यांनी दावा चालविला व 2011 साली तो जिंकला. आईला विश्रांती मिळावी म्हणून मुलांनी तिच्या वतीने ती रक्कम घेऊन टाकली असती, तर कोणी त्यांना दोष दिला नसता.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने 27 जानेवारी 1995 रोजी निर्णय देऊन ॲस्बेस्टॉस कामगारांचे आरोग्य हा त्यांच्या जीविताच्या हक्काचाच भाग ठरविला. कामगाराच्या आरोग्याची नोंद कामास लागल्यापासून 40 वर्षे, अथवा निवृत्तीनंतर 15 वर्षे, यांपैकी जे उशिरा असेल तोवर कारखान्याने ठेवली पाहिजे, असेही त्यात सांगितले. म्हणून ज्या घरी हा रोग आला असेल तेथे एका दुपारी वडिलांजवळ वही घेऊन बसावे आणि ते सांगतील तसे लिहून घ्यावे: कोणता कारखाना, कोणते खाते, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, धूळ कोठून उडत असे, शेजारी कोण उभे असे. डॉक्टरांना हा कागद लागतो, नुकसानभरपाईसाठीही लागतो. जे सोबती हयात असतील त्यांचे पत्ते वडिलांनाच विचारावेत. तुम्हीही छाती तपासून घ्या, असे पत्र त्यांना जावे, आणि हात थरथरत असला तरी त्याच्याखाली सही वडिलांची असावी.